खटावकरची पट्टी

“निम्मं आलंय,” थोरवत सर म्हणाले.

त्यांनी माझा पेपर डोळ्यांपासून हातभर लांब धरला होता आणि चष्मा कपाळावर होता. ते बाहेरचे परीक्षक. सकाळच्या एस.टी.ने कराडहून आलेले आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत जायचं असल्यामुळे सारखे घड्याळाकडे बघणारे.

“पोलादाचं किती येतं?”

“वीस, सर.”

“आणि तुझं किती आलंय?”

“नऊ पूर्णांक आठ.”

“मग?”

“मग काही नाही, सर. आलं तेवढं लिहिलं.”

हे मी मान खाली घालून म्हटलं खरं, पण मनातल्या मनात मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. उत्तर चुकल्याचा आनंद झालेली त्या दिवशी त्या प्रयोगशाळेत मी एकटीच असेन. त्याला कारण होतं. आदल्या वर्षी माझं उत्तर बरोबर आलं होतं आणि त्यामुळे मी नापास झाले होते.

प्रयोग तसा सोपा. धातूची पट्टी दोन टेकूंवर आडवी ठेवायची, मधोमध वजनं अडकवायची आणि ती किती झुकते ते मायक्रोस्कोपमधून मोजायचं. त्यावरून तो धातू किती ताठ आहे याचा आकडा निघतो. त्या आकड्याला शून्यांची मोठी शेपटी असते, ती इथे सोडून देते. पोलादाचा वीस, पितळेचा दहाच्या आसपास. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं समजेल.

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा खासनीस सरांच्या ताब्यात होती. वर्षाच्या पहिल्या दिवशी ते प्रयोग देत नसत, नियम वाचून दाखवत. चपला बाहेर. ॲप्रन पांढरा, गुडघ्यापर्यंत आणि इस्त्रीचा. आकडे शाईने. ज्याच्याकडे खोडरबर सापडेल त्याने तो घेऊन घरी जावं. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, तीही अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. “चूक पुरायची नाही, नुसती झोपवायची,” असं सर म्हणत. वर्गात हशा पिके आणि सर मात्र हसत नसत. उत्तर किती यायला पाहिजे असं जो विचारेल त्याचा त्या दिवसाचा प्रयोग रद्द. गुण वाचलेल्या आकड्यांना. उत्तराला दोन. दोनच.

आम्ही हे सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून घेत असू आणि मग मागच्या वर्षीच्या मुलांची जर्नल्स मिळवायला जात असू. वीस हा आकडा आधी खाली लिहायचा आणि तिथून मागे मागे येत पट्टीच्या झुकण्याचे आकडे तयार करायचे, ही आमच्याकडची पद्धत होती. तिला आम्ही रिव्हर्स गिअर म्हणत असू.

सरांना अर्थातच हे माहीत होतं. एका दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी प्रयोगशाळेतल्या पाचही पट्ट्यांना काळा ऑइलपेंट फासला. चार पोलादाच्या आणि एक पितळेची, सगळ्या एकाच मापाच्या. परीक्षेला टेबलं चार असत आणि पितळेची पट्टी त्यांतल्या एकावर असे. कोणत्या, ते फक्त सरांना ठाऊक. पहिल्याच वर्षी ती माझ्या वाट्याला आली. मी नेहमीप्रमाणे गिअर टाकून वीस पूर्णांक दोन असं देखणं उत्तर काढलं. सरांनी खिशातून पेन्सिली तासायचा चाकू काढला आणि माझ्यासमोर पट्टी खरवडली. खाली पिवळंधमक.

“खटावकर,” सर म्हणाले, “पितळेचं पोलाद करणारी तू पहिलीच.”

लेखी परीक्षेत मला फर्स्ट क्लास होता. पण प्रॅक्टिकलमध्ये वेगळं पास व्हावं लागे. मी वेगळी नापास झाले.

घरी आण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आण्णा म्हणजे माझे वडील. बाजारपेठेत त्यांचं शिवणाचं दुकान होतं आणि मागेच आमचं घर.

“उत्तर बरोबर आलं न्हवं?” त्यांनी विचारलं.

“आलं.”

“मग नापास कशी झालीस?”

मी पुन्हा पहिल्यापासून पट्टी, रंग, पितळ, सगळं सांगितलं. आण्णांनी कात्री खाली ठेवली, नीट ऐकलं आणि म्हणाले, “ते समदं खरं. पर उत्तर बरोबर आलं न्हवं?”

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पुन्हा फी भरली आणि त्याच महिन्यात एक नवं शिलाई मशीन आणून दुकानात खिडकीपाशी ठेवलं. वर एक जुनं धोतर टाकलं. “आसू दे,” एवढंच म्हणाले. कॉलेजात एकाच वर्गात तिसऱ्यांदा प्रवेश मिळत नसे, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मशीन कोणासाठी आहे याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढला नाही. मला शिवणाचा राग नव्हता, पण मला पदार्थविज्ञान आवडायचं, अगदी मनापासून आवडायचं. येता-जाता ते धोतर दिसलं की मी मान फिरवायचे.

कॉलेजात तर माझं नावच झालं. पितळेच्या त्या पट्टीला पोरं ‘खटावकरची पट्टी’ म्हणायला लागली. “परीक्षेत खटावकर निघाली तर काय करायचं रे?” असं माझ्यासमोर खुशाल विचारत.

तर अशी मी दुसऱ्यांदा परीक्षेला बसले, चिठ्ठी उचलली आणि पुन्हा तोच प्रयोग निघाला. एप्रिलचा उकाडा होता. माझ्या टेबलामागची खिडकी आपटू नये म्हणून कुणीतरी तिला आडवं काहीतरी लावून ठेवलं होतं, तिथून येईल तेवढाच वारा. मी ठरवून आले होते की दिसेल ते लिहायचं. एकेक वजन चढवलं, एकेक आकडा शाईने लिहिला. दोन ठिकाणी चुकले, तिथे रेघ मारून चूक झोपवली. शेवटी हिशोब केला आणि आलं नऊ पूर्णांक आठ.

पितळ! खटावकरची पट्टी पुन्हा खटावकरच्याच पदरात, आणि या खेपेला मी तिला सापडले नव्हते. मी उत्तराखाली दोन रेघा ओढल्या आणि रुमालाने घाम पुसला.

आता थोरवत सर तो पेपर हातात धरून म्हणत होते, “हे असं चालणार नाही. पुन्हा कर, नाहीतर या प्रयोगाचं शून्य.”

“काय झालं थोरवत?” खासनीस सर आलेच.

“तुमच्या या मुलीने पोलादाचं निम्मं करून ठेवलंय.”

खासनीस सरांनी माझा पेपर वाचला आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. फार नाही, एका बाजूने.

“थोरवत, ती पट्टी पितळेची आहे.”

“पितळेची? चिठ्ठीवर तर...”

“चिठ्ठीवर ‘दिलेली पट्टी’ असं आहे. मीच लिहिलंय.” मग सरांनी त्यांना सगळी युक्ती सांगितली. रंग, दिवाळीची सुट्टी, रिव्हर्स गिअर हा शब्दसुद्धा. तो त्यांना माहीत होता हे मला तेव्हा कळलं.

“विद्यापीठाच्या परीक्षेत असले उद्योग?” थोरवत सर म्हणाले.

“पोलादाचीच पट्टी द्या असं विद्यापीठाने कुठे म्हटलंय?”

“पण ही तीच कशावरून?”

“मी माझ्या हाताने रंगवली. या मुलीला मागच्या वर्षी मीच नापास केलं होतं. आणि आज बघा, हिने पुस्तकावर विश्वास न ठेवता...” इथे सर थांबले. कौतुकाची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे वाक्य कुठे संपवायचं ते त्यांना समजेना. त्यांनी चाकू काढला, माझी पट्टी टेकूंवरून उचलली आणि एका टोकाला खरवडली.

खाली पांढरं निघालं.

सरांनी दुसऱ्या टोकाला खरवडलं. तिथेही पांढरं. मग त्यांनी पट्टी उलटी करून पोटाकडून खरवडली, पोलाद फक्त पाठीवर असल्यासारखं. पोलाद सगळीकडे होतं.

 धोतर काढलेलं मशीन डोळ्यांसमोर उभं राहिलं. माझ्यापेक्षा सरांचा चेहरा वाईट झाला होता हे मला दिसत होतं, पण त्या वेळी मला त्यांची दया आली नाही. मला रडू येत होतं.

“मग पितळ कुठाय, खासनीस?” थोरवत सरांनी विचारलं.

दोन टेबलांवरची मुलं पेपर देऊन केव्हाच गेली होती. तिसऱ्या टेबलावर पोपट शिंगटे होता. आम्ही सगळ्यांनी पोपटकडे बघितलं. पोपटने आपल्या पट्टीकडे बघितलं. त्याचं उत्तर होतं वीस पूर्णांक एक. चारात एक पितळेची, म्हणजे वीस लिहिलं तर चारातल्या तीन वेळा आपण सुटतो, असा त्याचा शास्त्रीय विचार होता. तो सकाळीच त्याने सगळ्यांना समजावून सांगितला होता.

पोपट उठून उभा राहिला. “सर, माजं चुकलं.”

“काय चुकलं?”

“माजी पितळंची आसंल, सर.”

आणि त्याने पेन काढून वीस पूर्णांक एकवर रेघ मारली, शेजारी नऊ पूर्णांक नऊ लिहिलं. रेघ मात्र अगदी नियमाप्रमाणे होती. एकच, आडवी, खालचा आकडा स्वच्छ वाचता येईल अशी.

थोरवत सरांनी खासनीस सरांच्या हातातला चाकू काढून घेतला आणि पोपटची पट्टी खरवडली. खाली पांढरं.

“तुझं आधीचं उत्तर बरोबर होतं,” ते म्हणाले.

“व्हय सर?” पोपटचा चेहरा उजळला.

“हो. मग हे नऊ पूर्णांक नऊ कुठून आणलंस?”

पोपटने पेनाला टोपण लावलं.

“बरं, ते जाऊ दे. वीस पूर्णांक एक कुठून आणलं होतंस?”

पोपटने टोपण काढून पुन्हा लावलं. बरोबर उत्तर देऊन नापास होणारी मी आता एकटी राहिले नव्हते, पण त्या क्षणी त्यातून काही समाधान मिळालं नाही.

थोरवत सरांनी चाकू मिटून खासनीस सरांना परत दिला. “खासनीस, तुम्ही जरा बाहेर बसा. तुम्ही या मुलीची बाजू घेतलीत, आता हिचे गुण मी एकटा देतो.”

मला वाटलं, सर भांडतील. सर दारातून बाहेर गेले, नियमाप्रमाणे चपला घातल्या आणि मुलांच्या चपलांशेजारच्या बाकावर जाऊन बसले.

“माझ्या एस.टी.ला थोडा वेळ आहे,” थोरवत सर मला म्हणाले. “तेवढ्यात कुठे चुकलं ते सापडलं तर बघू.”

मी पेपर पुढे ओढला. आकडे धूसर दिसत होते, डोळे पुसले. लांबी बरोबर, रुंदी बरोबर, जाडी पुन्हा मोजली, बरोबर. मग झुकण्याचे आकडे. प्रत्येक वजन अर्ध्या किलोचं. मी झुकणं मोजलं होतं ते एक ओळ सोडून एक, म्हणजे दर दोन वजनांमागे. आणि हिशोबात वजन धरलं होतं एकाचंच. पाचशे ग्रॅम. बस, एवढंच. चौथीतल्या मुलाने पकडावं असं.

मी पाचशेवर रेघ मारली, शेजारी एक हजार लिहिलं. उत्तर आलं एकोणीस पूर्णांक सहा.

“सापडलं, सर.”

त्यांनी बघितलं. “वा! पोलाद आहे हे समजल्यावर दुप्पट कोणीही करेल. शेजारच्याने आत्ताच केलं, उलट्या बाजूला.”

“मी आकडे बदलले नाहीत, सर. फक्त वजन.”

“आकडे तरी खरे कशावरून?”

 आदल्या वर्षी मी अशाच शाईने, अशाच अक्षरात खोटे आकडे लिहिले होते आणि तेही असेच दिसत होते. मी म्हणाले, “सर, तुम्ही मोजून बघा.”

थोरवत सरांनी घड्याळाकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. “पट्टी ठेव टेकूंवर. आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहा.”

मी भिंतीकडे तोंड केलं. समोर कुठल्यातरी जुन्या कॅलेंडरचा खिळा होता, त्याच्याकडे बघत राहिले. मागे वजनांचा खण् असा आवाज, मग मायक्रोस्कोपचा स्क्रू, मग पेन, पुन्हा वजन. पोपट नाकातून श्वास घेत होता तेही ऐकू येत होतं. माझ्या मनात एकच होतं, की सकाळी मी डोळे फोडून वाचलेला प्रत्येक आकडा आत्ता तिथे असू दे.

“वळ,” थोरवत सर म्हणाले.

त्यांनी आपला कागद माझ्या पेपरशेजारी ठेवला होता. “फरक जुळतायत. पण प्रत्येक ओळीत शेवटचा दशांश वेगळा आहे, तुझा आणि माझा.”

“तो असायचाच, सर.”

“असायचाच,” ते म्हणाले. “तोही जुळला असता तर मी तुला सोडलं नसतं. उत्तराचे दोन गुण कापतो.”

“हो, सर.”

“बाकीचे देतो. पास आहेस. जा आता.”

बाहेर आले तेव्हा खासनीस सर बाकावर तसेच बसले होते. मी चपला शोधायला लागले. सर माझ्याकडे बघत नव्हते, प्रयोगशाळेच्या खिडकीकडे बघत होते. बाहेरच्या बाजूने ती आता नीट दिसत होती. ती आपटू नये म्हणून तिच्यात जे आडवं लावलं होतं ते काळं होतं, आणि पट्टीच्या मापाचं होतं.

सर उठले. हात घालून ती पट्टी काढली, तशी खिडकी धाडकन आपटली. त्यांनी चाकूने एक ओरखडा काढला. पिवळा.

“यंदा रंगाचा दुसरा हात दिला होता,” सर म्हणाले. “वाळायला इथे ठेवली. सगळं व्यवस्थित केलं होतं. फक्त आत न्यायची राहिली, आणि तिच्या जागी टेबलावर पोलादाची गेली.”

सर माझ्याकडे वळले.

“पास?”

“हो, सर. वजन निम्मं धरलं होतं. हिशोबात.”

“पाहिलं नाहीस परत?”

“नाही, सर.”

“का नाही पाहिलंस?”

मी खरं सांगितलं. “पितळेचं आलं असं वाटलं, सर. बरं वाटलं.”

सरांनी मान हलवली. पट्टी हातात तोलली. “ती ओळ मीही वाचली होती,” ते म्हणाले. “पाचशे लिहिलेलं मला स्वच्छ दिसलं होतं. पण मलाही बरं वाटलं.”

मग ते चपला काढून आत गेले. थोरवत सरांना पट्टी दाखवायला गेले असणार. पोपटचं काय झालं ते सांगायला नकोच. पुढच्या वर्षी त्याने प्रत्येक आकडा इतक्या खरेपणाने वाचला की त्याला दोनदा वेळ वाढवून द्यावा लागला.

जूनमध्ये नियमांच्या यादीत एक नवा नियम आला: आवडलेलं उत्तर दोनदा तपासावं. आता कैक वर्षं झाली, त्याच प्रयोगशाळेत तो नियम मी वाचून दाखवते. मुलं हसतात, सुवाच्य अक्षरात उतरवून घेतात आणि जुनी जर्नल्स शोधायला जातात.

त्या संध्याकाळी मी ॲप्रन अंगात ठेवूनच दुकानात आले तेव्हा आण्णा काज करत होते. मान वर न करता म्हणाले, “झालं?”

“झालं. पास आहे. सरांनी तोंडीच सांगितलं.”

आण्णांची सुई थांबली. “म्हंजी उत्तर बरोबर आलं.”

“नाही. चुकलं.”

“चुकलं?”

“निम्मं आलं.”

“आनि पास झालीस?”

“हो.”

आण्णांनी सुई कापडात खोचली. गेल्या वर्षीसारखं सगळं पहिल्यापासून सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. उठून खिडकीपाशी गेले, मशीनवरचं धोतर काढलं आणि त्याची नीट घडी करून बाजूला ठेवलं.  मग त्यांनी कपाटातून पांढऱ्या कापडाचा तागा काढला, गळ्यातली टेप हातात घेतली आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले.

“त्या तुज्या ॲप्रनाचा नियम काय हाय? गुडघ्यापतोर न्हवं?”

“हो.”

“मग ह्यो तोकडा झालाय. सरळ हुबी ऱ्हा.”